दहा इंचांचा शब्द

"मोठा क्रॅपी म्हणजे केवढा?" असं कोणी विचारलं, की टेरेन्स आधी विचारणाऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा आणि मग उलट विचारायचा, "कुठल्या पाण्यातला?"

हा त्याचा हुकमाचा एक्का होता. समोरचा गोंधळला की स्वारी सुटायची. कॅनडात सिमको लेकवर बारा इंचांच्या क्रॅपीकडे कोणी वळून बघत नाही, तिथे चौदा हवा. खाली अमेरिकेत, मिसिसिपीकडे, तीन पौंडांचा निघाल्याशिवाय लोक फोन बाहेर काढत नाहीत. आणि कुठल्याशा शेततळ्यात नऊ इंची मिळाला, तर तो तिथला राजा, त्याला सलाम ठोकायचा. क्रॅपी म्हणजे गोड्या पाण्यातला मासा. चपटा, चंदेरी, अंगभर काळे ठिपके, आणि तोंडाची कड इतकी पातळ की जरा जोरात ओढलं तर ओठ फाटून गळ मोकळा. वसईची मंडळी त्याला ठिपक्यांचं पापलेट म्हणायची. टेरेन्सला ते आवडायचं नाही, त्यात पापलेटाचा अपमान आहे असं त्याचं मत होतं, आणि ह्या मंडळींत टेरेन्सचं मत म्हणजे कायदा होता.

टेरेन्स मूळचा वसईच्या पाचूबंदरचा. बाप होडीचा नाखवा. समुद्रावर त्याच्या शब्दापुढे कोणाचा शब्द चालायचा नाही. पोरगा कॅनडात आला आणि केंब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यात बावीस वर्षं दरवाजांना रंग मारत राहिला. तिथे शब्द चालायचा सुपरवायझरचा. पण शहराबाहेर जुन्या खडीच्या खाणीत साठलेलं एक तळं त्याला सापडलं. खाणीच्या म्हाताऱ्या डच मालकाने "मासे धरा, कचरा करू नका" एवढ्या अटीवर फाटक उघडून दिलं, आणि एकोणीस वर्षांपूर्वी, मे महिन्यात सोमवारी येणाऱ्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीला, चार घरं तिथे गळ टाकून बसली. रविवारी नाही, कारण रविवारी चर्चमध्ये मिस्सा. मग दर वर्षी बसू लागली आणि त्या दिवसाचं नाव पडलं गळाचा सोमवार. चाराची चोवीस घरं झाली. वसईची आली, ठाण्याची आली, मग पुण्या-नागपूरची कॉम्प्युटरवाली मंडळीही नॉर्थ यॉर्कपासून गाड्या काढून येऊ लागली. कोणी कुठे बसायचं, कधी जेवायचं, मोठा मासा कोणाचा, हे टेरेन्स ठरवायचा. ह्या देशात त्याला नाखवा करणारी तेवढी एकच जागा होती आणि तिच्यावर त्याचा फार जीव होता.

तळ्यावर नियमही त्याचेच. मासा मोजायचा तो दुपारी बारा वाजता, सगळ्यांसमोर, इंचांच्या रेघा मारलेल्या लाकडी फळीवर. "फळीवर नाही, तो मासा नाही." फोटो चालणार नाही, कारण हात पुढे करून फोटो काढला की करंगळीसुद्धा शार्क दिसते. एवढाऽऽ होता पण सुटला, असं सांगणाऱ्याला तो गुपचूप कांदे चिरायला बसवायचा. दुसरा नियम बापाकडून आलेला. जाळ्यात जिवंत पिल्लू दिसलं की बाप ते समुद्रात परत टाकायचा. "पिल्लू खाल्लंस तर पुढल्या वर्षाचं जाळं खाल्लंस," म्हणायचा. म्हणून तळ्यावर आठ इंचांच्या आतलं प्रत्येक पिल्लू परत सोडायचं आणि मोठे तेवढे घरी न्यायचे. सोडताना टेरेन्स त्याला आशीर्वादही द्यायचा, "जा, मोठा होऊन ये." इथे जन्मलेली पोरंही ते वाक्य शिकली होती. काहींना तेवढंच मराठी येत होतं.

एवढं सगळं यथासांग चाललं असताना तळ्यातले मासे मात्र लहान होत चालले होते. पहिल्या वर्षी फळीवर बारा इंची आला होता. मग अकरा, मग दहा. तीन वर्षांमागे नऊ आणि गेल्या वर्षी जेमतेम साडेआठ. टेरेन्सने त्याचं खापर आधी पाणकावळ्यांवर फोडलं, मग थंडीवर, मग शेजारच्या शेतातल्या खतावर. पुढे फोडायला डोकं उरलं नाही तेव्हा तो म्हणाला, मोठे आहेत रे, पण आता शहाणे झालेत.

गेल्या वर्षी मात्र मिलिंदने तोंड उघडलं. मिलिंद पुण्याचा, इंजिनियर. पस्तिशीपर्यंत त्याने मासा ताटात घेतला नव्हता. गळ कसा बांधायचा हे त्याला टेरेन्सनेच शिकवलं. आता चेल्याकडे पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारी होडी होती आणि सिमकोवर धरलेल्या तेरा इंची क्रॅपीचा फोटो त्याच्या फोनवर कायमचा विराजमान होता.

"टेरेन्सकाका, राग मानू नका," तो म्हणाला. पुणेकर 'राग मानू नका' म्हणाला की मागून मानण्यासारखंच काहीतरी येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "पण हे तळं आता फिनिश झालंय. पुढच्या वर्षीपासून गळाचा सोमवार सिमकोला शिफ्ट करू. डॉक आहे, पार्किंग आहे, चांगली वॉशरूम आहे. आणि मुख्य म्हणजे मासे आहेत."

बऱ्याच माना हलल्या. टेरेन्सने त्या मोजल्या आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पुढच्या वर्षी ह्या फळीवर दहा इंची आला नाही, तर सिमकोला पहिली गाडी मी काढीन," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "आणि तुझ्या होडीत पॅसेंजर म्हणून बसेन. शब्द आहे माझा."

नाखव्याच्या मुलाने दुसऱ्याच्या होडीत पॅसेंजर म्हणून बसायचं! ह्याहून मोठी पैज त्याच्याकडे लावायला नव्हती. सोमवार सिमकोला गेला की तळं गेलं, फळी गेली आणि टेरेन्सही चोवीस घरांतलं एक घर झाला. हे त्याला कळत होतं, आणि तरी वर्षभर तो भेटेल त्याला छातीठोकपणे सांगत होता, "दहा? अरे, अकरा येईल."

ह्या वर्षी सोमवाराआधीच्या शुक्रवारी तो एकटाच तळ्यावर अंदाज घ्यायला गेला. चार तासांत तेवीस मासे लागले. तेवीसच्या तेवीस सात इंची, जसे एकाच साच्यातून काढलेले. सतरा त्याने नेहमीप्रमाणे आशीर्वाद देऊन सोडले आणि सहा नाइलाजाने घरी आणले. नाइलाज म्हणजे त्याची मुलगी जेनेल. ती ग्वेल्फला विद्यापीठात माशांच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती आणि तळ्यातले लहान मासे एकदा तरी आणून दे म्हणून तीन वर्षं बापाच्या मागे लागली होती.

मासे साफ करायला बसली सुझान, टेरेन्सची बायको. ती नायगावच्या कोळीवाड्यातली. तिची आई बाजारात मासे विकायची, आणि सुझानने अक्षरं गिरवायच्या आधी मासे ओळखायला सुरुवात केली होती. पहिल्याच माशाचं पोट फाडून ती थांबली.

"टेरेन्स, इकडे ये. हे काय आहे?"

"पिल्लू आहे. का?"

"पिल्लाला कधी गाबोळी असते का रे?"

तिच्या सुरीच्या टोकावर अंड्यांची पिवळसर पिशवी होती. टेरेन्सने ती बघितली आणि इकडची हवाच वेगळी, असं काहीतरी तो पुटपुटला. सुझानने दुसरा फाडला, तिसरा फाडला. सहांपैकी चारांत भरगच्च गाबोळी निघाली. जेनेलने तोवर एकेका डोक्यातून चिमट्याने काहीतरी काढून कागदावर मांडायला सुरुवात केली होती. घोळ माशाच्या डोक्यात खडा असतो ना, तसाच, फक्त तांदळाच्या कणीएवढा. ते खडे घेऊन ती शनिवारी लॅबमध्ये गेली.

रविवारी मिस्सा झाल्यावर ती घरी आली आणि तिने डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बापाला समोर बसवलं. पडद्यावर त्या कणीचा काप दिसत होता, मोठा करून दाखवलेला. त्यात एकात एक अशी बारीक वर्तुळं होती.

"झाडाला रिंग्ज असतात ना, डॅड? सेम थिंग. एक विंटर, एक रिंग. काउंट कर."

टेरेन्सने चष्मा लावून मोजली. आठ आली. पडद्यावर बोट टेकवून पुन्हा मोजली, तरी आठच. दुसऱ्या कापात नऊ निघाली.

"सात इंची मासा नऊ वर्षांचा?"

"दे आर नॉट बेबीज, डॅड," जेनेल हळूच म्हणाली. "दे आर ओल्ड. व्हेरी ओल्ड."

मग तिने समजावून सांगितलं, अर्धं इंग्रजीत आणि अर्धं तिच्या मोडक्या मराठीत. तळं छोटं, खाणं थोडं, आणि खाणारी तोंडं दरवर्षी वाढत चाललेली. कोणालाच पोटभर मिळत नाही, म्हणून कोणीच वाढत नाही. लहानांना खाऊन गर्दी कमी करणारे जे चार मोठे मासे असतात, ते आपण दर वर्षी गळाच्या सोमवारी उचलून घरी आणतो. समुद्रात ग्रॅंडपाचा रूल बरोबर आहे. खाणीतल्या तळ्यात तो बरोबर उलटा पडतो.

"तुझं मशीन चुकलं असेल," टेरेन्स म्हणाला आणि उठून बेसमेंटमध्ये गेला.

बेसमेंटमध्ये तो सोमवारचे गळ बांधायला बसला, पण दोन गळ बांधून हात थांबले. नऊ वर्षांचा मासा. आपल्या गळाला तो ह्याआधी किती वेळा लागला असेल? दोनदा? पाचदा? दर वेळी आपण त्याला मायेने पाण्यात ठेवलं आणि मोठा होऊन ये म्हणून सांगितलं, आणि तो बिचारा त्याच उपाशी गर्दीत परत गेला. टेरेन्सला लाज वाटली. आयुष्यात ती त्याला फार वेळा वाटलेली नव्हती, त्यामुळे हे काय वाटतंय ते ओळखायलाच थोडा वेळ गेला.

पण लाज वाटली म्हणून टेरेन्सचं डोकं चालायचं थांबत नाही. तासाभराने तो वर आला तो बेत ठरवूनच. उद्या काहीही करून दहा इंची काढायचा. पैज जिंकायची. सोमवार तळ्यावरच राहिला की पुढच्या वर्षी सावकाश नवा नियम आणायचा, की आता लहान न्यायचे आणि मोठे सोडायचे. का, ते कोणी विचारणार नाही. टेरेन्स सांगतो म्हणजे असेल काहीतरी, असंच म्हणतील.

"आणि खरं काय ते?" सुझानने विचारलं.

"ते पुढच्या वर्षी बघू."

"तुझी फळी, तुझा शब्द. तू बघ," ती म्हणाली आणि मसाल्याची बाटली शोधायला लागली.

सोमवार स्वच्छ उजाडला. नऊच्या आत गाड्या लागल्या, घड्या घातलेल्या खुर्च्या उघडल्या, स्टोव्ह मांडले गेले. मिलिंद होडी घरी ठेवून आला होता, पण टोपी सिमकोची घातली होती. "काका, पॅसेंजर सीट पुसून ठेवलीय," तो लांबूनच ओरडला. टेरेन्सने त्याच्याकडे असं काही हसून बघितलं की दोघा-तिघांना वाटलं, म्हाताऱ्याने मासा आधीच कुठेतरी बांधून ठेवलेला दिसतोय.

टेरेन्स आपल्या जागेवर गेला. ती तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला होती, खडीचे ढीग ओलांडून, पंधरा मिनिटांच्या वाटेवर. तिथे एक जुनं झाड पाण्यात आडवं पडलं होतं, आणि बुडालेली फांदी म्हणजे क्रॅपीचं घर. फोन त्याने नेहमीसारखा गाडीत ठेवला होता. बरोबर एक रॉड, डबीत आमिषाचे बारीक मासे आणि मेलेला मासा टिकावा म्हणून बर्फ भरलेली बादली.

पहिला लागला तो सात इंची. सवयीने टेरेन्सने त्याला पाण्यावर धरलं, आशीर्वादासाठी तोंडही उघडलं, पण शब्द फुटेना. कोणाला मोठा हो म्हणायचं? त्याने तो मासा बर्फात टाकला. नंतरचेही टाकले. अकरापर्यंत बादलीत पंधरा-सोळा जमले, सगळे एका मापाचे, आणि टेरेन्सचा धीर पहिल्यांदा सुटायला लागला.

सव्वाअकराला दोरी वेगळीच ताणली गेली. धक्का नाही, नुसतं जड होत गेलं, आणि मग रॉडचं टोक वाकून पाण्याला लागलं. टेरेन्सने श्वास रोखला. घाई केली तर ओठ फाटणार हे त्याला माहीत होतं. त्याने दोरी दिली, घेतली, पुन्हा दिली, आणि मासा फांदीत शिरणार तेवढ्यात त्याला अलगद वळवून काठाशी आणलं. मग ओल्या हाताने खालून उचलला.

टेरेन्सची वीत साडेआठ इंच भरते. त्याने वीत टाकली आणि शेपटाकडे दोन बोटं लावली. दहा. दहाच्या वर गुंजभरच.

त्याला इतका आनंद झाला की पासष्टाव्या वर्षी तो त्या खडीत एक पाय उडवून नाचला. मिलिंदचा चेहरा त्याला दिसला. फळी दिसली. चोवीस घरांच्या टाळ्या ऐकू आल्या. ओरडायला त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मासा त्याच्या हातात हलला.

क्रॅपी नाजूक जात. हाक मारून माणसं खडीच्या ढिगांवरून येईपर्यंत, कोणी फळी घेऊन येईपर्यंत, तो संपणार. बादलीत पाणी नव्हतं, बर्फ होता. फळीवर जाईल तो मेलेलाच जाईल. एकोणीस सोमवार असेच गेले होते. दर वर्षी तळ्यातला सगळ्यात मोठा मासा शोधून काढून, टाळ्या वाजवून, तळून खाल्ला होता. आता उरलेल्यांतला हा एक टेरेन्सच्या हातात होता. आणि आता तर त्याला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नसताना केलं ती चूक, आणि ठाऊक असून करायचं त्याला काय म्हणायचं?

"च्यायला," टेरेन्स म्हणाला.

मग तो गुडघ्यावर बसला आणि त्याने दोन्ही हात पाण्यात नेले. मासा क्षणभर तसाच थांबला, कल्ल्यांची दोनदा उघडझाप झाली, आणि पुढच्या क्षणी तिथे नुसतं पाणी होतं. टेरेन्सने स्वतःला आणखी दोन शिव्या घातल्या. पंचेचाळीस मिनिटं तो वेड्यासारखा गळ टाकत राहिला. सात इंची लागत राहिले.

बारा वाजता फळी मांडली गेली. ठाण्याच्या उन्मेषचा सव्वाआठ भरला, आणखी कोणाचा जेमतेम आठ. मग सगळ्यांचे डोळे टेरेन्सकडे वळले. तो बादली घेऊन पुढे आला, वरचाच एक मासा उचलला आणि फळीवर ठेवला. सात.

कोणीतरी हसलं. मिलिंद नाही हसला. त्याला काकांचा चेहरा बरा दिसला नाही.

टेरेन्सच्या जिभेच्या टोकावर तो दहा इंची येऊन बसला होता. एकदा सांगावं, निदान एकदा. पण एकोणीस वर्षं ज्यांना कांदे चिरायला बसवलं ती सगळी माणसं समोर उभी होती. त्याने तो गिळला.

"फळीवर दहा इंची नाही," तो म्हणाला. "मी हरलो. सिमकोला पहिली गाडी माझी, आणि मी ह्याच्या होडीत पॅसेंजर म्हणून बसणार. शब्द दिला तो दिला. आता दुसरं ऐका आणि मग जेवा. हा मासा पिल्लू नाहीये. ह्याच्यासारखे सहा जेनेलने लॅबमध्ये मोजले, आठ-आठ, नऊ-नऊ वर्षांचे निघाले. हे म्हातारे आहेत. पोटभर खायला मिळालं नाही म्हणून वाढले नाहीत. एकोणीस वर्षं मी तुम्हाला लहान सोडायला लावले आणि मोठे घरी न्यायला लावले. पाणकावळ्यांचा दोष नाही, थंडीचा नाही. बापाचा नियम समुद्राचा होता, तो मी खड्ड्यात आणून लावला. हे तळं मी बिघडवलं."

टेरेन्स चुकलो म्हणाला, हे पचवायलाच लोकांना वेळ लागत होता. सुझान तव्यापाशी उभी होती, तिने पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात खांद्यावर नेला आणि नवऱ्याकडे बघत राहिली. तिला त्याचा इतका अभिमान वाटला की तवा तापलाय हेही ती विसरली.

शेवटी मिलिंद पुढे झाला. त्याने फळीवरचा मासा वाकून नीट बघितला.

"जेनेल, माझा सिमकोचा तेरा इंची किती वर्षांचा असेल?"

"फोटोवरून नाही सांगता येत. मेबी सिक्स?"

"म्हणजे हा माझ्या माशाचा काका लागतो," मिलिंद म्हणाला. ह्यावर सगळे मोकळेपणी हसले, टेरेन्सही. "बरं, ह्याला उपाय आहे की नाही?"

"आहे. स्मॉल वन्स काढायचे. हंड्रेड्स. आणि मोठा मिळाला तर परत सोडायचा. तीन-चार वर्षं करावं लागेल. अँड नो गॅरंटी, ओके?"

मिलिंद इंजिनियर; आकडा ऐकला की तो थांबत नाही. लायसन्स किती जणांकडे आहे, त्याने विचारलं. एकतीस हात वर झाले. एका लायसन्सवर दिवसाला तीस क्रॅपी.

"नऊशे तीस," तो म्हणाला. "एका दिवसात. लोकहो, माझ्या होडीत चार माणसं मावतात. चार माणसांचं हे काम नाही. काका पैज हरलेत, जूनमध्ये त्यांना होडीत बसवणार, ती मजा मी सोडणार नाही. पण गळाचा सोमवार हलवायचा की इथेच ठेवायचा, ह्यावर हात वर करा. काकांच्या शब्दासाठी नाही, कारण तो आज हरलाय. मासे काढायला माणसं लागणार आहेत म्हणून. इथेच ठेवायचा, असं कोणाकोणाला वाटतं?"

टेरेन्सने वर बघितलंच नाही. तो फळीवरच्या सातच्या रेघेकडे बघत राहिला. माना मोजणारा माणूस, पण आज त्याची मोजायची छाती होईना. शेवटी सुझानने त्याला कोपराने ढोसलं. दोघे सोडून सगळ्यांचे हात वर होते. त्या दोघांपैकी एकाच्या हातात ताट होतं आणि दुसऱ्याला अजूनही वॉशरूम हवी होती. टेरेन्सचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत.

"पण मोठा मासा चार वर्षं बघायला मिळणार नाही हं," तो म्हणाला. "मी तेव्हा असेन, नसेन..."

"असशील," सुझान म्हणाली. "तुला वर नेऊन कोण काय करणार?"

जेवणं झाल्यावर कोणी पत्ते काढले नाहीत. सगळे रॉड घेऊन तळ्याभोवती पांगले. मिलिंद दर अर्ध्या तासाने आकडा पुकारत होता, आणि टेरेन्स काठाकाठाने फिरून बर्फ वाटत होता, इथे टाक, तिथे टाक म्हणून सांगत होता, पूर्वीच्याच आवाजात. पोरं मोठा होऊन ये म्हणायची ती आता तीनशे बारा, तीनशे तेरा ओरडत होती.

चारच्या सुमाराला तो सुझानजवळ येऊन बसला. ती सात इंची मासे तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर सोडत होती, अख्खेच्या अख्खे, डोक्यासकट. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"सुझान, सकाळी मी दहा इंची धरला होता."

तिचा उलथनं धरलेला हात थांबला. "कधी?"

"सव्वाअकराला. झाडापाशी. सोडून दिला."

"कोणी बघितला?"

"कोणी नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आपण बोललो आणि समोरच्याचा विश्वास बसेल की नाही म्हणून थांबून राहिलो, असं टेरेन्सच्या आयुष्यात ह्याआधी झालं नव्हतं.

"एवढा होता," तो म्हणाला आणि त्याने दोन्ही तळवे समोर धरून दाखवले.

सुझानने उलथनं खाली ठेवलं, हात अॅप्रनला पुसले आणि त्याची दोन्ही मनगटं धरून तळवे इंचभर आत ढकलले.

"दहा म्हणालास ना? मग एवढा," ती म्हणाली, आणि तिने तव्यावरचा मासा उलटला.